सौंदर्यशस्त्रक्रियेआधी गोळ्यांचा हिशेब

खारदांडा, प्रतिनिधी – दांड्याच्या कोळीवाड्यातून बाहेर पडून खार पश्चिमेच्या रस्त्यांना लागले की त्वचा, केस आणि चेहरा यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या दिसू लागतात. बोटॉक्स, फिलर, केशरोपण, चरबी काढणे हे उपचार आता चित्रपटसृष्टीपुरते राहिलेले नाहीत. मात्र ते करून घेतले जातात ते बहुधा गुपचूप. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून बाळगलेले मौन नेहमीच्या डॉक्टरांपर्यंतही पोहोचते. परिणामी हृदयाची गोळी लिहून देणाऱ्याला शस्त्रक्रियेचा पत्ता नसतो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला गोळीचा. खरा धोका येथेच आहे.

ॲस्पिरिनचेच उदाहरण घ्या. डेंगीच्या साथींमुळे घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट म्हणजे रक्त गोठविणाऱ्या पेशी. ॲस्पिरिन त्यांना कायमचे निकामी करते आणि त्यांची जागा नव्या पेशींनी घेण्यास सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तेवढ्याच दिवसांचे अंतर सांगितले जाते. चेहरा किंवा पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली रक्त साकळले, तर वरची त्वचा मरू शकते. डोळ्यामागे साकळले तर दृष्टीला धोका संभवतो. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली डिस्प्रिन हे ॲस्पिरिनच असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कॉम्बिफ्लॅममधील आयबुप्रोफेनही प्लेटलेटच्या कामात अडथळा आणते, पण त्याचा परिणाम लवकर ओसरतो. नुसते पॅरासिटामॉल या बाबतीत सहसा निर्धोक मानले जाते.

याचा अर्थ रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करावी, असा मुळीच नाही. हृदयवाहिनीत स्टेंट असलेल्या रुग्णाने इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल परस्पर थांबविल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. असा निर्णय हृदयरोगतज्ज्ञानेच घ्यायचा असतो. त्याने नकार दिला, तर नाकाची शस्त्रक्रिया वर्षभर पुढे ढकलल्याने काहीही बिघडत नाही.

पूरक गोळ्यांबाबत तर विचारल्याशिवाय कोणी बोलतच नाही, कारण त्यांना कोणी औषध समजत नाही. ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल, लसणाचा व हळदीचा अर्क, गिंको, जिनसेंग यांनी रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. अश्वगंधेमुळे गुंगी वाढू शकते. त्यामुळे वनौषधी दोन आठवडे आधी थांबविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माशाच्या तेलाने रक्तस्राव वाढतो याचा पुरावा मात्र कमकुवत आहे. तरीही अनेक सर्जन ते बंद करण्यास सांगतात. ताटातला बांगडा किंवा फोडणीतला लसूण यांच्याशी या सल्ल्याचा संबंध नाही, हे कोळीवाड्यात सांगितलेले बरे.

वजन घटविण्याच्या इंजेक्शनांनी नवाच प्रश्न उभा केला आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये, तर वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते आणि भुलेखाली ते फुप्फुसात जाऊ शकते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये साप्ताहिक इंजेक्शन आठवडाभर आधी थांबविण्यास सांगितले होते. २०२४ मध्ये ही भूमिका सौम्य झाली आणि रुग्णागणिक निर्णय घ्यावा, काहींना आदल्या दिवशी फक्त द्रवाहार द्यावा, असे ठरले. मधुमेहासाठीचे डॅपाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस आधी थांबवावे लागते. अन्यथा साखर फारशी न वाढताही रक्तात घातक आम्ल साचू शकते.

केवळ सुईचा उपचार असेल, तर प्रश्न बहुधा काळ्यानिळ्या डागांपुरता असतो. बोटॉक्सचा परिणाम मात्र जेंटामायसिन, अमिकासिन यांसारख्या प्रतिजैविकांमुळे वाढू शकतो. ओठांवर वारंवार नागीण उठत असल्यास फिलरपूर्वी सांगावे. प्रतिबंधक गोळी देता येते. तंबाखू आणि मिश्री यांतील निकोटिन त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते व जखम भरू देत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, तोही सर्जनच्या कानावर हवा.

थायरॉइड आणि फिट्सची औषधे, दम्याचा पंप हे सहसा चालूच ठेवायचे असतात, आणि स्टेरॉइड एकदम तोडणे धोक्याचे असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या सकाळी घ्याव्यात की नाही, हे भूलतज्ज्ञ ठरवितात.

मार्च २०१९ मध्ये केशरोपण करून घेतलेल्या मुंबईतील एका व्यावसायिकाचा काही दिवसांतच मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा संशय तेव्हा डॉक्टरांनी व्यक्त केला होता. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असल्यास, ते कितीही जुने असो, सांगणे आवश्यक ठरते.

सोपा उपाय असा, की घरातल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णे एका पिशवीत भरून पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. घरच्यांसमोर बोलायचे नसेल, तर एकांत मागावा. तो रुग्णाचा हक्कच आहे. काय थांबवायचे आणि काय नाही, हे लेखी घ्यावे. बंद केलेली गोळी पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.