डॉक्टरविना सोळा आठवडे

दक्षिण युगांडातल्या रकाई आणि मसाका जिल्ह्यांत एड्सने घरंच्या घरं ओस पाडली. मागे उरलेल्यांना नैराश्याने घेरलं. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नव्हते आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेणं परवडणारं नव्हतं. २००२ मध्ये संशोधक पॉल बोल्टन, हेलन वर्डेली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ३० गावांत वेगळीच वाट धरली. साधारण निम्म्या गावांत गटोपचार, उरलेल्यांत तूर्त काही नाही. कुठलं गाव कुठे, हे दैवावर सोडलं. गट चालवणारे तिथलेच, शाळा शिकलेले, पण डॉक्टरकीशी संबंध नसलेले. त्यांचं प्रशिक्षण दोन आठवड्यांचं. बायकांचा गट बाईने चालवायचा, पुरुषांचा पुरुषाने. आठवड्यातून एकदा दीड तास, असे १६ आठवडे.

पद्धत मूळची अमेरिकेतली, जेराल्ड क्लरमन आणि मर्ना वाइसमन यांनी १९७०च्या दशकात घडवलेली. त्यात बालपण उकरत बसत नाहीत. मन खचलं तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं, एवढंच धरायचं. कुणी गेलं, कुणाशी बिनसलं, की होतं ते सगळं बदललं? मग त्यातून वाट काढायला गटाने हातभार लावायचा.

ती युगांडात जशीच्या तशी चालली नसती. नवऱ्याला तोंडावर सुनवा, हा सल्ला बाईच्याच अंगाशी आला असता. तिकडे रागावलेली बायको बेचव रांधते. काय ते नवऱ्याने ओळखायचं. (आपल्याकडेही मीठ बोलतंच की!) तेव्हा एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाला मध्ये घालावं का, अशा वाटांचा विचार व्हायचा. गेलेल्या माणसाला नावं ठेवत नाहीत, म्हणून त्याच्याविषयीची खंतही आडवळणानेच काढायची.

उपचार मिळालेल्यांत नैराश्याच्या निकषांत बसणारे ८६ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. न मिळालेल्यांत ९४ वरून ५४.७ वर. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. बरेच जण काळाबरोबर आपसूक सावरतात. तुलनेला ती गावं नसती, तर त्याचंही श्रेय उपचाराने खाल्लं असतं. तरी उरलेली तफावत दांडगीच आहे. मात्र गुण पद्धतीचा की दर आठवड्याला माणसांत बसण्याचा, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटोपचाराची मार्गदर्शिकाच काढली. सरसकट यशाची हमी मात्र कुणी देऊ नये. युगांडातच पुढे किशोरवयीन मुलींवर झालेल्या एका चाचणीत परिणाम बराच माफक निघाला.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनेही स्थानिक समुपदेशक तयार केले, तिथे भर एकेका रुग्णाशी बोलण्यावर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सरकारी आरोग्य केंद्रांत गुण दिसला, खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. तिथले डॉक्टर ओळखीच्या रुग्णांशी आधीपासूनच आपुलकीने बोलत असावेत, असा त्यावरचा एक तर्क आहे.