मूक साक्षीदार

अपघाताची हकीकत सांगावयास कोणीही मागे उरले नाही, तरी मोडलेले यंत्र साक्ष देते. मात्र ती ओळखणारा जाणकार हवा.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले ‘कॉमेट’ विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यातील सर्व ३५ जण मृत्युमुखी पडले. ब्रिटिश आरमाराने समुद्रतळातून अवशेष वर काढले. फार्नबरो येथील संशोधकांनी ते लाकडी सांगाड्यावर जागच्या जागी जुळवले.

उंच आकाशात विमानातील हवेचा दाब त्याच्या पत्र्यावर पडतो. विमान उतरताना तो ओसरतो. म्हणून त्यांनी दुसऱ्या कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवले आणि आत पाणी भरून हा दाब पुनःपुन्हा वाढवला व उतरवला. सुमारे ३,००० उड्डाणांइतका ताण सोसल्यावर ते खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले. समुद्रातून मिळालेल्या छताच्या तुकड्यावरही तशीच भेग आढळली. तार वारंवार वाकवली की तुटते, त्याप्रमाणे तो पत्रा थकला होता!

ऑक्टोबर १९५४ मध्ये लंडन येथे चौकशी न्यायालयापुढे हा पुरावा मांडण्यात आला. पुढील कॉमेट विमानांना अधिक जाड पत्रा बसवण्यात आला. मोडक्या तुकड्यांनी दिलेल्या साक्षीमुळे पुढील प्रवाशांचा मार्ग निर्धोक झाला.