औषधी अळिंबी : गुण, मर्यादा आणि दक्षता

गॅनोडर्मा ल्युसिडम या नावाने ओळखली जाणारी अळिंबी गेल्या काही वर्षांत भुकटी, कॅप्सूल आणि पेय या स्वरूपांत बाजारात आली आहे. मधुमेह, रक्तदाब, इतकेच नव्हे तर कर्करोगावरही ती गुणकारी असल्याचा प्रचार केला जातो. या प्रचारात तथ्य किती आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्राचीन परंपरा

चीनमध्ये 'लिंगझी' आणि जपानमध्ये 'रेइशी' या नावांनी ही अळिंबी प्रसिद्ध आहे. चीनच्या प्राचीन औषधिग्रंथांत तिला मानाचे स्थान आहे. तांबूस-तपकिरी रंगाची आणि रोगण दिल्यासारखी चकाकणारी ही बुरशी झाडांच्या लाकडावर वाढते. ती लाकडासारखी कठीण व चवीला कडू असल्याने तिची भाजी होत नाही. तिचा काढा अथवा अर्क घेण्याची प्रथा आहे. ओंडक्यांवर किंवा लाकडाच्या भुशावर तिची लागवडही करता येते.

संशोधन काय सांगते?

या अळिंबीत 'बीटा-ग्लुकान' ही शर्करासाखळीची संयुगे व 'ट्रायटर्पिन' वर्गातील कडू द्रव्ये असतात. रोगप्रतिकारक पेशींना ती चालना देतात, असे प्रयोगशाळेत आढळून आले आहे. परंतु काचनळीतील परिणाम माणसाच्या शरीरातही तसाच घडेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्याच आवश्यक असतात.

अशा चाचण्यांचा आढावा 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला आहे. कर्करोगाविषयीच्या २०१६ च्या आढाव्यात ३७३ रुग्णांवरील ५ चाचण्या विचारात घेण्यात आल्या. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून या अळिंबीचा काही उपयोग होण्याची शक्यता त्यात दिसून आली. मात्र कर्करोगावरील मुख्य उपचार म्हणून ती वापरण्याइतका पुरावा आढळला नाही. त्यापूर्वी २०१५ मध्ये आणखी ५ चाचण्या तपासण्यात आल्या होत्या. रक्तातील साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांसारख्या हृद्रोगास कारणीभूत ठरणाऱ्या बाबींसाठी तिचा वापर करण्यास त्या पुराव्याने पुष्टी मिळाली नाही.

शुद्धतेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत विक्रीस असलेल्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी केवळ ५ उत्पादने वेष्टनावरील मजकुराशी जुळणारी ठरली.

दक्षता हवी

खरा धोका उपचार सोडून देण्यात आहे. पूरक पदार्थावर विसंबून इन्सुलिन वा रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. कर्करोगाच्या बाबतीत तर उपचाराचे वाया गेलेले महिने भरून काढता येत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया व्हावयाची असलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही अळिंबी घेऊ नये. रानातील अनोळखी भूछत्रे औषध समजून खाण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा; त्यांतील काही जाती प्राणघातक असतात.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये कर्करोग, मधुमेह व रक्तदाब यांसह अनेक विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. गावात असा प्रचार होत असल्यास पंचायत सदस्यांनी ती बाब अन्न व औषध प्रशासनाच्या निदर्शनास आणावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना ग्रामसभेत पाचारण करून लोकांच्या शंकांचे निरसन करता येईल. शाळांतूनही शिक्षकांना परंपरेने चालत आलेला समज आणि चाचणीने सिद्ध झालेला गुण यांतील भेद या उदाहरणावरून समजावून देता येईल.

या अळिंबीवरील संशोधन पुढे चालू राहील आणि त्यातून उद्या एखादे उपयुक्त औषध हाती येऊही शकेल. तोपर्यंत तिला पूरक पदार्थ एवढेच स्थान देणे आणि चालू उपचारांत खंड पडू न देणे, हेच रुग्णाच्या हिताचे आहे.