पहिली लस झाली, पुढच्या?

1985 साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्राची गणना पुढारलेल्या राज्यांत होत होती. 1992-93च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने ते आकड्यांत दाखवलं. एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सगळ्या मूलभूत लसी मिळालेली मुलं देशात जेमतेम 35 टक्के, महाराष्ट्रात 64, बिहारात 11. सहा वर्षांनी महाराष्ट्र 78 वर पोचला.

आणि मग घसरला. 2005-06 मध्ये 59, 2015-16 मध्ये 56. त्याच पाहणीत बिहार 62!

बिहारने जादू केली नव्हती. 2007 साली तिथे ‘मुस्कान’ अभियान सुरू झालं. नर्स, आशा आणि अंगणवाडी सेविका या तिघींनी मिळून घरोघरी बाळांची नोंद करायची, ठरलेल्या वारी लसीकरण करायचं, एवढंच. कंटाळवाणं काम, पण नेमानं झालेलं.

महाराष्ट्रात बाळं लसीकरणापर्यंत पोचतच नव्हती, असं नाही. जन्मानंतरची बीसीजी दहातल्या नऊ जणांना मिळत होती. गळती पुढे लागायची. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या खेपा. पहिल्या इंजेक्शननंतर बाळ रात्रभर तापानं फणफणलं, मांडीला गाठ आली, की आजी म्हणणार, आता नको. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं कार्ड गावाकडच्या पेटीत राहणार. शिवाय 1995 पासून पोलिओ रविवार सुरू होते, डोस दिला की करंगळीला शाई लागायची. ‘डोस झाला’ म्हणजे सगळंच झालं, असं समजणारे पालक कमी नव्हते. त्या मोहिमेचं यश मात्र निखळ. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आजारी पडलेला रुग्ण नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा ठरला.

डिसेंबर 2014 मध्ये ‘मिशन इंद्रधनुष’ आलं ते सुटलेल्या मुलांना शोधण्यासाठीच. वीटभट्ट्या, बांधकामं, पालं. बर्फाचे पॅक भरलेला निळा डबा खांद्याला लावून नर्सबाई तिथवर जाऊ लागल्या. 2019-21च्या पाहणीत देश 76 वर गेला. महाराष्ट्रही सावरला, 73 पर्यंत, बिहार 71.

पण सरासरीत वस्ती दिसत नाही. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, मग भिवंडी-मालेगावात गोवर उसळला, मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येनं होती. गोवरची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, सरकारी दवाखान्यात फुकट.