‘आता या वयात कशाला?’



आम्ही डॉक्टर नाही. नवरा-बायको दोघंही दिवसभर कोड लिहिणारे. पण मंडळातल्या एका काकूंना कॅन्सरमुळे मॅस्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढण्याचं ऑपरेशन, करावं लागणार होतं तेव्हा त्यांना हॉस्पिटलमध्ये नेण्या-आणण्याचं काम आमच्याकडे होतं. सर्जनने स्तनाच्या पुनर्रचनेचा विषय काढला तसं काकू हळूच म्हणाल्या, "आता या वयात कशाला? आणि इन्शुरन्स थोडाच देणार असल्या हौशीला?" गाडीत बसल्यावर कळलं, विचारायचं खूप होतं, पण संकोच आड आला. पुढे डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते इथे मांडतो आहोत.

आधी पैशांचं. अमेरिकेत 1998 सालच्या कायद्यानुसार, मॅस्टेक्टॉमीचा खर्च देणाऱ्या बहुतेक विमा योजनांना पुनर्रचनेचाही खर्च द्यावा लागतो. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर करावं लागणारं ऑपरेशन, बाहेरून घालायचा कृत्रिम स्तन आणि हाताला येणाऱ्या सुजेवरचे उपचारसुद्धा त्यात येतात. डिडक्टिबल, को-पे मात्र लागतात. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर पॉलिसीचं गणित वेगळं असतं, ती नीट वाचावी.

आता पर्याय. ढोबळमानाने तीन.

पहिला, इम्प्लांट. बऱ्याचदा आधी छातीत एक्स्पान्डर नावाची पिशवी बसवतात, काही आठवडे ती सलाईनने थोडी थोडी फुगवतात आणि मग तिच्या जागी सिलिकॉनचं किंवा सलाईनचं इम्प्लांट घालतात. ऑपरेशन तुलनेने छोटं, घरी लवकर येता येतं. पण इम्प्लांट जन्मभर टिकेलच असं नाही. भोवतीचा पापुद्रा आवळून ते कडक होऊ शकतं, फाटू शकतं, बदलावं लागू शकतं. सिलिकॉन असेल तर त्रास नसतानाही 5-6 वर्षांनी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असं एफडीए सांगते. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा संबंध एका दुर्मीळ लिम्फोमाशी आढळल्यामुळे 2019 मध्ये ती बाजारातून परत घेतली गेली.

दुसरा, स्वतःच्याच शरीरातली चरबी-कातडी वापरणं. यातलं ‘डीप फ्लॅप’ सध्या बरंच केलं जातं. पोटाचा स्नायू जागेवर ठेवून कातडी, चरबी आणि रक्तवाहिन्या घेतात आणि मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. ऑपरेशन अनेक तासांचं, पोटावर मोठा व्रण, पूर्ववत व्हायला सहा-आठ आठवडे. क्वचित रक्तपुरवठा बंद पडून फ्लॅप वाया जातो. पण जमलं तर स्पर्शाला मऊ, वजनाबरोबर कमी-जास्त होणारं आणि बदलावं न लागणारं. पोटावर चरबी कमी असेल तर मांडीची किंवा पाठीची घेतात. आमच्या भाषेत, पहिल्यात मेंटेनन्स जास्त, दुसऱ्यात सुरुवातीचं काम मोठं.

तिसरा, काहीच न करणं. छाती सपाट, नीटस शिवून घेणं हाही पूर्ण पर्याय आहे, नाईलाज नव्हे.

काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. कुठल्याही पद्धतीने पूर्वीची संवेदना सहसा पूर्ण परत येत नाही. रेडिएशन घ्यायचं असेल तर इम्प्लांटमध्ये गुंतागुंत वाढते, त्यामुळे कधी पुनर्रचना पुढे ढकलतात. सिगारेट आणि मधुमेह जखम भरण्याच्या आड येतात. एक दिलासाही आहे: पुनर्रचनेमुळे कॅन्सर उलटण्याची शक्यता वाढत नाही. आणि ती मॅस्टेक्टॉमीबरोबरच करायला हवी असंही नाही, काही वर्षांनीही करता येते.

सर्जनला विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. तुम्ही यातली कुठली ऑपरेशनं स्वतः करता? वर्षाला किती? माझ्यासारख्या पेशंटचे फोटो दाखवाल का? एकूण किती ऑपरेशनं लागतील? प्रत्येक सर्जन मायक्रोसर्जरी करतोच असं नाही. त्यामुळे सांगितला तोच एक पर्याय असं समजू नये, दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

पुढच्या भेटीला काकू वही घेऊन गेल्या. सगळं विचारलं, फोटो पाहिले, आठवडाभर विचार केला आणि पुनर्रचना न करण्याचं ठरवलं. तेव्हा कारण वय नव्हतं आणि पैसेही नव्हते. त्यांना दुसरं ऑपरेशन नको होतं, एवढंच.

मंडळी, या पुस्तिकेतून जमणारा निधी कॅन्सरच्या पेशंटसाठी आहे. सढळ हाताने द्याच. पण ओळखीतल्या कुणाला असा आजार झाला तर एक दिवस सुट्टी काढून, वही-पेन घेऊन तिच्याबरोबर जाऊन बसा. तेही दानच आहे.