छज्ज्याची सळई वरच का? : नोकरीतून पुन्हा इंजिनिअरिंगला

आमचं गाव चिंताकी. बीदर जिल्हा, औराद तालुका. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी नऊ वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आता पदवीच्या वर्गात बसतो. गावाकडं गेलं की विचारतात, "आता ह्या वयात शिकून काय करायलास रे?" वर्गातली मुलंही तेच विचारतात, फक्त 'दादा' लावून. दोघांसाठी हे उत्तर.

नोकरी आणि इंजिनिअरिंगचं नातं जुनं आहे. पुण्यात १८५४ साली जो इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला आणि ज्याचं पुढं सीओईपी झालं, तो मुळात सरकारी बांधकामांवरचे दुय्यम अधिकारी तयार करायला निघाला होता. नंतर काम न सोडता इंजिनिअर व्हायचा मोठा रस्ता म्हणजे एएमआयई. १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था ही परीक्षा घ्यायची. दिवसा साइट, रात्री पुस्तक, आणि पास झालं की पदवीच्या बरोबरीचा मान. पण ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती बरोबरी मिळत नाही. पत्राद्वारे पदवीचंही तसंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांना चाप लावला. म्हणून "घरबसल्या बी.ई." अशी जाहिरात दिसली तर आधी मान्यता बघा, मग पैसे काढा.

मग उरलं काय? वर्गात जाऊन बसणं. तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कर्नाटकात त्यासाठी डीसीईटी ही परीक्षा आहे. महाराष्ट्रात डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाची प्रवेश फेरी होते. २०२३ पासून एआयसीटीईनं नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वेगळे वर्ग चालवायलाही परवानगी दिली आहे. त्याला किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. मात्र असा वर्ग प्रत्येक कॉलेजात नसतो, चौकशी करावी लागते.

आमच्या भागातल्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ९८ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम ३७१ (जे) मुळं बीदर, कलबुर्गी, रायचूर या पट्ट्यातल्या स्थानिकांसाठी इथल्या शिक्षणसंस्थांत राखीव जागा आहेत. बीदरचं गुरु नानक देव, भालकीचं भीमण्णा खंड्रे, कलबुर्गीचं पीडीए ही कॉलेजं गावापासून फार लांब नाहीत. पात्रतेचं प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही.

आता खरी अडचण. लोकांना वाटतं वय आडवं येतं. वय नाही, गणित आडवं येतं. डिप्लोमावाल्यांचं पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं. बेळगावच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठानं २०१८ च्या अभ्यासक्रमात अशांसाठी तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात जादा गणिताचे दोन पेपर ठेवले होते, ते सुटल्याशिवाय पदवी नाही. नऊ वर्षं कॅल्क्युलेटरवर क्युबिक मीटर काढणाऱ्या माणसाला इंटिग्रेशन परकं वाटतं. पहिले दोन महिने मी बारावीचं पुस्तक घेऊनच बसलो.

पण त्याच गणितानं काय मिळतं, ते छज्ज्यावरून सांगतो. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबला मुख्य सळई खाली लागते, छज्ज्याला वर. हे साइटवरच्या प्रत्येक फिटरला माहीत असतं. कारण असं : काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, तो सळईनं घ्यायचा. दोन्हीकडं टेकलेला स्लॅब मधे वाकतो, ताण खालच्या बाजूला येतो. छज्जा एकाच टोकाला धरलेला, तो पुढं झुकतो आणि ताण वर येतो. काँक्रीट ओतताना माणसं वरच्या सळईवर पाय देतात, ती खाली दबते, आणि दिसायला धडधाकट छज्जा आतून कमकुवत होतो. म्हणून सळईखाली खुर्च्या लावायच्या, म्हणून मी साइटवर ओरडायचो. पण किती दबली तर किती धोका, हे सांगता यायचं नाही.

घरमालक म्हणायचे, "जरा लांब काढा की, दोन फुटाचा चार फूट." जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर छज्ज्याच्या स्वतःच्या वजनानं मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो आणि टोकाचा झोल सोळापट. पूर्वी मी नुसतं "नको" म्हणायचो. आता का नको, ते कागदावर मांडून दाखवता येतं. कर्नाटकच्या बांधकाम खात्यात डिप्लोमावर ज्युनिअर इंजिनिअर आणि पदवीवर असिस्टंट इंजिनिअर होतात. पगाराचा फरक आहेच, पण मला विचाराल तर मोठा फरक हा 'नको' आणि 'का नको' यांतला.

याची किंमतही आहे. तीन वर्षं पगार नाही किंवा अर्धा. म्हणून निघण्याआधी घरच्यांसोबत बसून वहीत हिशेब मांडा : फी, खोली, घरखर्च, आजारपण. बायको-आईवडील त्या हिशेबाला "हो" म्हणाले तरच निघा, कारण परीक्षेच्या दिवसांत सगळं घर तेच सांभाळणार. आणि प्रवेशाचा निकाल लागायची वाट न बघता रोज तासभर गणित सुरू करा.