शेगडीवरची पोपटी

फॉइलच्या पुडीत सॉसेज आणि भाज्या ‘भाजल्या’ असं आपण म्हणतो खरं, पण त्या पुडीत भाजलं जवळजवळ काहीच जात नाही. पवना धरणाच्या काठचे तंबू असोत की कोथरूडमधली गच्ची, बार्बेक्यूच्या शेगडीवर ही चंदेरी पुडी आता सर्रास दिसते. कांदा, सिमला मिरची, बटाटा, वर सॉसेजच्या चकत्या, चमचाभर तेल, आणि कडा दुमडून सगळं बंद. या भाज्यांत वजनाच्या पंचाहत्तर ते पंच्याण्णव टक्के पाणीच असतं. ते तापून त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि ओल शिल्लक आहे तोवर आतलं तापमान पाणी उकळतं त्याच्या फारसं वर चढत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. मांसाला किंवा कांद्याला तपकिरी रंग आणि खरपूस वास यायचा तर पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. तळाशी फॉइलला चिकटलेला एखादा बटाटा करपेल तेवढाच. बाकीचं सगळं वाफवलं जातं. पुडी उघडल्यावर फिकट, ओलसर सॉसेज पाहून जे हिरमुसतात, त्यांनी मोदकपात्राकडून तंदूरची अपेक्षा ठेवलेली असते.

मग ही पुडी निरुपयोगी म्हणायची का? मुळीच नाही. तिचं गोत्र ओळखायला हवं, आणि ते आपल्याला ओळखीचं आहे. रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेणकडे थंडीत पोपटी लावतात, तिथे हेच तत्त्व कसाला लागलेलं आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही, कारण पाला आणि शेंगा स्वतःचं पाणी पुरवतात. पारशांची पात्रानी मच्छी केळीच्या पानात वाफवतात, कोकणातली पानगी पानातच तव्यावर शिजते. याउलट पुण्याच्या आसपासचा हुरडा. तिथे ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात उघडी भाजली जातात, म्हणून त्याला धुराचा वास लागतो. फॉइलची पुडी हुरड्याच्या नव्हे, पोपटीच्या घराण्यातली. तेव्हा तिला नियमही पोपटीचेच लावावेत.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम पाल्याचा. पोपटीत आणि पात्रानीत अन्नाला जे वेढून असतं ते चव देतं, निदान बिघडवत नाही. ॲल्युमिनियमचं तसं नाही. आंबट आणि खारट पदार्थ गरम असताना या धातूला लागले की तो थोडाथोडा विरघळतो. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर सगळे यात आले. जर्मनीतली अन्नसुरक्षेची सरकारी संस्था आंबट-खारट पदार्थ फॉइलमध्ये गुंडाळू नका असंच सांगते. आणि नेमकं आपल्या जवळचं अस्सल सॉसेज, गोव्याचं चोरीस, हे माडाच्या व्हिनेगरात, मिठात, लसूण-मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस. बटाटा-कांद्याबरोबर स्वतःच्याच चरबीत शिजायला ते उत्तम, पण उघड्या फॉइलला लावायला सगळ्यात अयोग्य. उपाय सोपा आहे: आत केळीचं पान, बाहेर फॉइल. पान विस्तवावर फिरवून मऊ केलं की घडी घालताना फाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्या आज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आमटी करतच होत्या, मग आताच हा बाऊ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या माणसाचं शरीर हा धातू बऱ्याच अंशी बाहेर टाकतं, महिन्यातून एकदाच्या पुडीने काही होत नाही. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, ती सगळीकडून पोटात जाणाऱ्या ॲल्युमिनियमची आहे; फुकटचं पान हाताशी असताना त्यात भर कशाला? दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पानच वापरायचं तर फॉइल हवंच कशाला? कारण गच्चीवर मडकं पालथं घालायला जमीन नसते, आणि नुसतं पान जाळीवर जळून रस खाली सांडतो. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की भडका उडतो, आणि त्या धुरातली घातक संयुगं मांसावर बसतात. पुडी हे टाळते. मात्र त्यामुळे सॉसेज आरोग्यदायी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे, आणि त्यावर फॉइलकडे उत्तर नाही. पुडीत भाज्या जास्त आणि सॉसेज कमी, एवढंच आपल्या हातात.

फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर, हा वाद व्यर्थ. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र दाबतात, रुळाला लागलेली बाजू चमकते, इतकंच. त्यापेक्षा चिरण्याकडे लक्ष द्यावं: बटाटा पातळ, सिमला मिरची जाड, म्हणजे दोन्ही एका वेळी शिजतात. पुडी निखाऱ्यात खुपसू नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लालभडक निखारा त्याच्याही वर तापू शकतो. पाकिटातलं सॉसेज आधी शिजवलेलं आहे की कच्चं, ते वाचून घ्यावं. कच्चं असेल तर डुकराचं मांस आत ७१ अंशांपर्यंत आणि कोंबडीचं ७४ अंशांपर्यंत तापायलाच हवं, आणि वाफ हे काम चोख करते. शेवटी पुडी सोडून सॉसेज दोन मिनिटं उघड्या जाळीवर टाकावं. खरपूसपणा तिथेच मिळतो. पान ओल्या कचऱ्यात जाईल. फॉइल मात्र तेल जाईल असं धुऊन, त्याचा गोळा करून सुक्या कचऱ्यात टाकावं. खरकटं, तेलकट फॉइल भंगारातही कुणी घेत नाही.